तरलेल्या चोराची बाजू

तिसरं गीत चालू असताना एस्तेर पुढे वाकली. आम्हाला वाटलं, प्रार्थनेला वाकली. गीत संपलं तरी ती उठेना, तेव्हा गेनाबाईने तिला खांद्याला धरून सरळ केलं, तर तिची मान मागे पडली.

“पाणी आणा गं! पोरीला भोवळ आली!”

गेनाबाई आमच्या उंबरझिरीची सुईण. तिचा आवाज बाळंतिणीच्या खोलीतून मारुतीच्या पारापर्यंत जायचा. एस्तेर सातव्या महिन्यात होती. आम्ही चौघींनी तिला उचललं आणि समोर सावली दिसत होती तिकडे, म्हणजे पुरुषांच्या बाजूला, न्यायला लागलो. पुरुषांनी पाय आखडले. तेवढ्यात लुकसअण्णा मकासरे उभे राहिले.

“इकडे नको. बाहेर न्या, बाहेर. दारातून.”

मग आम्ही तिला दारातून बाहेर नेलं, भिंतीला वळसा घातला आणि लिंबाखाली ठेवलं. तिथून खिडकीतून अण्णांची पाठ दिसत होती. त्यांच्या सदऱ्यावर घामाचा एक डाग नव्हता.

आमच्या देवळाची रचना सांगायला हवी. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. पाळकांच्या मेजाकडे तोंड करून बसलं की उजव्या हाताला लिंबाचं झाड, तीन खिडक्या आणि वारा. डाव्या हाताला पूर्वेची भिंत, दोन खिडक्या आणि सकाळचं ऊन. वर पत्रा. उजवीकडे पुरुष बसत, डावीकडे बायका आणि पोरं. चैत्र-वैशाखात उपासना संपेपर्यंत आमच्या बाजूची शहाबादी फरशी भाकरी टाकावी इतकी तापायची.

त्याच संध्याकाळी लिंबाखाली पंच बसले. मी मिशनच्या शाळेत शिकवत होते, म्हणून बायकांच्या वतीने बोलायला मलाच पुढे केलं. बाकीच्या विहिरीपाशी घागरी घेऊन उभ्या राहिल्या. इतक्या बायकांना एकाच वेळी पाणी लागल्याचं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“अण्णा, उन्हाळ्यापुरती बाजू बदलू या,” मी म्हणाले. “पाऊस पडला की आम्ही परत आमच्या जागी.”

“बाई, देवळाची बाजू म्हणजे काय शाळेतला बाक आहे, इकडचा तिकडे करायला?” अण्णा देवळाचे सर्वांत जुने पंच. बोलताना भाषा शुद्ध ठेवायचे, रागावले की ती सुटायची. “शास्त्र काय म्हणतं? मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. हे मी ठरवलं का?”

“म्हंजी आमी शेरडं?” विहिरीवरून गेनाबाई.

“मी नाही म्हणालो. बसलेल्या जागेनं म्हटलं.”

पंच हसले. पाळक दीनानाथ तोरणे हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. ते फार शांत गृहस्थ होते. त्यांची शांतता बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागायची.

“आणि नुसती मेंढरंच का?” अण्णांना जोर चढला. “प्रभूच्या क्रूसाच्या दोन बाजूंना दोन चोर. त्यातला तरला कुठला? उजवीकडचा.”

“शास्त्रात तसं नाही, अण्णा. एक उजवीकडे, एक डावीकडे, एवढंच आहे. तरलेला कुठल्या बाजूचा, ते लिहिलेलं नाही.”

“शास्त्रात नसेल. मी डोळ्यांनी बघितलंय.”

हे खरं होतं. पाच वर्षांपूर्वी नगरला मिशनच्या मैदानात प्रभूच्या चरित्राचा परदेशी बायस्कोप दाखवला होता आणि उंबरझिरीतून तो पाहिलेला एकमेव पुरुष म्हणजे लुकसअण्णा. तेव्हा बोलपट नव्हते. पडद्यावर माणसं नुसते ओठ हलवायची आणि मध्येमध्ये इंग्रजी पाट्या यायच्या. अण्णा दरवर्षी सणाला तो सगळा खेळ सांगायचे. सुरुवात ठरलेली असायची. “मी खुर्चीवर. पुढच्या रांगेत साहेब, त्याच्यामागे मी.” मग बेथलेहेम यायचं. खुर्ची आधी, बेथलेहेम नंतर.

सांगायचे मात्र झकास. गव्हाणीतल्या गाईची शेपटीसुद्धा सोडायचे नाहीत. त्यांच्या सांगण्यात एक नवल होतं. त्या मुलखात म्हणे सगळे डावरे. प्रभू पोरांना आशीर्वाद देतो तो डाव्या हाताने, भाकर मोडतो ती डाव्या हाताने, शिपायाचा भालाही डाव्या हातात. “तिकडची रीतच तशी,” अण्णा म्हणायचे. त्याचा परिणाम माझ्या शाळेत झाला. मधल्या सुट्टीत पोरं डाव्या हाताने भाकर मोडायला लागली. एकाच्या हातावर मी पट्टी मारली, तर तो म्हणाला, “बाई, प्रभूला पण मारलं असतं का?” त्या दिवसापासून त्या डाव्या हातांचा मी जरा विचार करत होते.

“नक्की उजवीकडचा?” मी विचारलं.

“पडद्याकडे तोंड करून बसलं की हा आपला उजवा हात.” अण्णांनी उजवा हात लांब केला. “या हाताकडचा चोर. प्रभू त्याच्याकडे मान वळवतो. मी खुर्चीवरून बघितलंय, बाई. कुणाच्या डोक्याआडून नाही.”

“मग असं करू. पुढच्या आठवड्यात बायस्कोपवाले हुसेनभाई तोच खेळ घेऊन इथे येतायत. पडद्यावर जिकडचा चोर तरेल, देवळात तिकडे पुरुष बसतील. उरलेल्या बाजूला बायका. मग कुणी तक्रार करायची नाही.”

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मी सध्याचीच व्यवस्था त्यांच्या पदरात बांधत होते.

“कबूल,” ते म्हणाले. “पण हरलात तर हा विषय पुन्हा निघायचा नाही. मी जिवंत असेपर्यंत नाही.”

“कबूल.”

“पाळकसाहेब, ऐकलंत ना?”

पाळकांनी मान हलवली. पंच उठले. मी विहिरीपाशी गेले, तर गेनाबाईने घागर कमरेवरून खाली आपटली.

“बाई, तुमी आमच्या बाजूच्या का त्यांच्या? त्या बाबानं खेळ बघितलाय! बघितलेल्या खेळावर पैज लावत्यात व्हय कुणी?”

“बघू या.”

“बघायचं काय राहिलंय? एस्तेरला अजून दोन महिनं हायेत. पुढच्या वेळंला भोवळ आली तर तुमी निस्तरणार का तिचं बाळंतपण?”

उत्तर माझ्याकडे होतं, पण गेनाबाईला गुपित सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. अण्णांची बायको राहेलबाई शेजारीच घागर भरत होती. ठेंगणी, कमी बोलणारी बाई. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, पदर सारखा केला आणि निघून गेली. आठवडाभर बायकांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं. एस्तेरच्या सासूने तर शाळेत पाठवायचं ताकही बंद केलं.

हुसेनभाई ईस्टरच्या सणात नगरला खेळ करायचे आणि सण उलटला की आमच्यासारख्या गावांना. दोन बैलगाड्या, एक यंत्र, एक एंजिन, दोन मदतनीस आणि घड्या पडलेला एक मोठा पांढरा पडदा. शनिवारी दुपारी ते देवळासमोरच्या मैदानात खांब रोवून घेत होते तेव्हा मी गेले. त्यांना दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर त्यांनी लगेच दिलं. दुसऱ्याचं देताना ते हसायला लागले.

“बाई, आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक फक्त विचारतात, खेळ केवढ्याला.”

“आज रात्री कुणी विचारल्याशिवाय सांगू नका.”

“मी कशाला सांगू? मी यंत्रवाला.”

गावोगावच्या खेळांची रीत अशी होती. पडदा मैदानाच्या मधोमध बांधायचा. एका अंगाला यंत्र आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका. पडद्यावर बादल्यांनी पाणी मारायचं, म्हणजे ओल्या कापडातून उजेड आरपार जातो आणि मागच्यांनाही चित्र दिसतं. मागचं तिकीट निम्मं. पडदा वाळत आला की खेळ थांबवून पुन्हा पाणी मारायचं. तेवढ्यात मागच्या बाजूच्या पुढच्या रांगेतल्या बायका भिजायच्या आणि त्या उन्हाळ्यात त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

पाट्या वाचून मराठीत सांगायचं काम माझं होतं. माझा आवाज दोन्हीकडे पोचावा म्हणून हुसेनभाईंनी मला पडद्याच्या कडेला, खांबापाशी उभं केलं. तिथून मला दोन्ही बाजू दिसत होत्या. पुढे पंचांसाठी शाळेतल्या पाच खुर्च्या मांडल्या होत्या. अण्णा मधल्या खुर्चीवर बसले, पाय पसरून, पूर्वी बसलेल्या माणसासारखे.

दिवे मालवले. यंत्र खडखडलं. पडद्यावर देवदूत आला, मग गव्हाण, मग गाय. अण्णा शेजारच्या पंचांना प्रत्येक गोष्ट ती घडायच्या आत सांगत होते. “आता बघा, मागी येतील, पूर्वेचे ज्ञानी लोक. उंटावरून.” मागी उंटावरून आले. “आता हेरोद राजा चिडेल.” हेरोद चिडला. पंचांच्या माना आदराने हलत होत्या.

मग प्रभू पोरांना जवळ घेतो तो प्रसंग आला. प्रभूने हात वर केला.

“अण्णा,” पंचांपैकी शांतवन लोंढे म्हणाला, “उजवा हात उचलला की.”

“कुठला?”

“उजवा. बघा ना.”

अण्णा खुर्चीत पुढे सरकले. पडद्यावर प्रभूचा उजवा हात पोराच्या डोक्यावर होता, सगळ्यांना दिसेल असा.

“एखाद वेळेला उजवाही वापरतात,” अण्णा म्हणाले.

पडद्यामागून गेनाबाई ओरडली, “अगं बया, खरंच डावा हात! अण्णा खोटं न्हवतं सांगत!”

“कुठला डावा?” पुढून शांतवन. “डोळे आलेत का, गेनाबाई?”

“तुमचं डोळं तपासा! ढळढळीत डावा हाय!”

“उजवा!”

“पाळकसाहेब, ह्या लोंढ्याला उजवं-डावं शिकवा कुणीतरी!”

माझ्या पाट्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शेवटच्या भोजनात प्रभूने भाकर मोडली, तेव्हा पुढचे पुरुष एका सुरात “उजवा” म्हणाले आणि मागच्या बायका एका सुरात “डावा”. हुसेनभाईंचे खांदे हलत होते. दांडा फिरवायची लय चुकली, त्यामुळे बारा शिष्य एकदम घाईघाईने जेवायला लागले.

अण्णा आता शेजारच्याला काहीच सांगत नव्हते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग पडद्याच्या कडेकडे, जिथून मागच्या बायकांच्या पहिल्या रांगेचे गुडघे दिसत होते. मग माझ्याकडे. मी पुढची पाटी वाचली.

डोंगरावरचे तीन क्रूस आले तेव्हा मात्र भांडण आपोआप थांबलं. मागे कुणीतरी हुंदके देत होतं. गेनाबाईच असावी. अशा वेळी तीच सगळ्यांत आधी रडायची. एका चोराने तोंड वेडंवाकडं केलं. दुसऱ्याने मान वर करून काहीतरी मागितलं. प्रभूने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि पाटी आली. आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. मी ती वाचली. पुढे खुर्च्यांवर बसलेल्यांच्या डाव्या हाताला होता तो चोर.

कबरीवरची धोंड सरकली, प्रभू उठला, खेळ संपला. हुसेनभाईंनी कंदील लावले. मग शांतवन लोंढे सावकाश म्हणाला, “डावीकडचा तरला.”

“डावीकडचा,” त्याच्यामागचे दोघेतिघे म्हणाले.

पडद्याखालून वाकून गेनाबाई या बाजूला आली. तिच्यामागे बाकीच्या. तिचे डोळे लाल होते आणि चेहरा पडलेला.

“काय खोटं सांगायचं? देवाघरची गोष्ट हाय. उजवीकडचा तरला. आमी हरलो, अण्णा.” मग माझ्याकडे वळून, “झालं समाधान, बाई?”

“उजवीकडचा कुठे? डावीकडचा!” शांतवन म्हणाला.

“अरे तू गप! आमाला उनात बसवायचं ते बसव, पर चोर तरी सरळ बघ!”

पाळक तोरणे उभे राहिले. गोंधळ त्यांच्या कपाळावर दिसत होता. “एकाच पडद्यावर दोन चोर कसे तरतील? हुसेनभाई, हा काय प्रकार?”

हुसेनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता कुणीतरी विचारलं होतं, त्यामुळे मी मान हलवली.

“प्रकार काही नाही, साहेब. पुढून बघतात त्यांना सरळ दिसतं, मागून बघतात त्यांना उलटं. उजवं ते डावं, डावं ते उजवं. आरशात दिसतं तसं. म्हणून तर मागचं तिकीट निम्मं.”

“मग खरं कुठलं?”

“मी यंत्रवाला, साहेब. मी दोन्हीकडून पैसे घेतो.”

पाळक विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. शांत माणसांना निर्णय दुसऱ्यावर ढकलायला मिळाला की दिसतं तसं.

“अण्णा, पैज तुमच्या शब्दावर होती. तुम्ही खेळ आधी पाहिला आहे. डावा हात, उजवीकडचा चोर, बायका आज सांगतात नेमकं तेच तुम्ही पाच वर्षं सांगत आहात. तुम्ही म्हणाल ते धरू. उजवीकडचा म्हणालात तर उजवीकडचा. पुरुष आहेत तिथेच बसतील.”

पाळक हे अगदी सरळ मनाने बोलले. बोलून झाल्यावर, ‘बायका सांगतात नेमकं तेच’ हे शब्द तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात हळूहळू उतरायला लागले. मी एकेकाचा चेहरा बघत होते. आधी शांतवन. त्याने अण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं, मग पडद्याच्या मागे अंथरलेल्या पोत्यांकडे. मग गेनाबाई. तिचं तोंड उघडलं.

“म्हंजी, अण्णा, नगरला तुमी—”

“डावीकडचा!” अण्णा ओरडले.

ते खुर्चीवरून ताडकन उठले.

“डावीकडचा तरला. मी पहिल्यापासून डावीकडचाच म्हणतोय.”

“अण्णा, परवा तर उजवा हात लांब केलात,” शांतवन म्हणाला.

“पाच वर्षं झाली त्याला. माणूस इसरतो का न्हाई? खुर्चीवरून मला डावीकडचाच दिसला व्हता.” त्यांची शुद्ध भाषा सुटली होती.

“आन तो डावा हात?” गेनाबाईने विचारलं.

अण्णांनी क्षणभर विचार केला. “तो दगाबाज यहूदाचा.”

‘उजवीकडचा’ एवढं एक वाक्य बोलले असते, तर सावली पुरुषांकडेच राहिली असती. पण त्या वाक्यात खुर्ची गेली असती. पाळक म्हणाले, “म्हणजे ठरल्याप्रमाणे पुरुष डावीकडे?”

“ठरल्याप्रमाणं,” अण्णा म्हणाले, शाळेची खुर्ची उचलून बगलेत मारली आणि अंधारात चालू लागले. ती खुर्ची त्यांनी सोमवारी परत आणून दिली.

रविवारी पहाटे मी विहिरीवर होते. राहेलबाई आली. दोर सोडता सोडता, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, “तुमाला कोण म्हणालं, बाई?”

“कुणी नाही. प्रभू डावरा कसा असेल, एवढाच विचार केला. मग हुसेनभाईंना विचारलं, नगरलाही पडदा मधोमध होता का, आणि मागून कसं दिसतं.”

तिने मान हलवली. घागर वर आली, कठड्यावर टेकवली.

“खुर्ची होती हां, बाई. ते खोटं न्हाई. पाच वर्सं खुर्ची-खुर्ची ऐकतीय, कदी बोलले न्हाई, पर खुर्ची होती. ते पुढं बसलेवते, मी मागं बायकांत. नगरात पयल्यांदाच गेलेवते मी. दिवं इझलं आन त्या कापडावर ती माणसं हलाया लागली, तशी मी ओरडले. भुतं वाटली मला. सगळ्या बाया हसल्या.”

“मग?”

“मग हे आले. त्या पडद्याखालनं वाकून, सायबाच्या म्होरनं. आन माज्याजवळ पोत्यावर बसले. म्हणाले, ‘एकटीला भ्या वाटतंय का?’ येवढंच. खेळ संपंपातूर तिथंच. एवढ्या बायांत एकटा बाप्या. बाया काय काय बोलल्या त्यांना.” ती थांबली. “गावात कसं सांगणार, बाई? पंच हायेत.”

तिने घागर कमरेवर घेतली.

“पर एस्तेरला सावली मिळाली, ते ब्येस झालं,” ती म्हणाली आणि गेली.

देवळात त्या दिवशी सगळे वेळेच्या आधी आले. बायका उजवीकडे शिरल्या. खिडकीखालची जागा एस्तेरला दिली. तिने भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले, आणि लिंबाचा वारा तिच्या तोंडावर आला. तिची सासू माझ्याकडे बघून म्हणाली, “ताक पाठवते बरं का, बाई.” समोर पुरुष उन्हात एकमेकांच्या सावलीत बसायचा प्रयत्न करत होते. सावली सगळ्यांनाच हवी होती, त्यामुळे ती कुणालाच मिळत नव्हती. अण्णा ठरलेल्याप्रमाणे पहिल्या रांगेत, नेमके खिडकीसमोर, डोक्यावर ओला पंचा टाकून ताठ बसले होते. मागून लोंढे काहीतरी पुटपुटत होता, ते प्रार्थनेसारखं वाटत नव्हतं.

“सलाम, मेंढरांनो,” गेनाबाई म्हणाली. “लोकर तापली का?”

“गेनाबाई,” पाळक म्हणाले.

“मी काय म्हणतीय? आमी शेरडं. शेरडांना आपली सावली बरी.”

तिसरं गीत सुरू झालं. ऊन खिडकीतून अण्णांच्या मांडीवर आलं, तिथून छातीवर चढलं. पंचा वाळला. ते हलले नाहीत. तेव्हा आमच्या रांगेतून राहेलबाई उठली. कोपऱ्यात ठेवलेली काळी छत्री तिने घेतली आणि मधली मोकळी जागा ओलांडून पलीकडे गेली. त्या देवळात ती जागा बाईने ओलांडल्याचं कुणी पाहिलेलं नव्हतं. गीत गाणाऱ्यांचे आवाज एकेक करून बंद पडले. शेवटी पाळक एकटेच गात होते.

तिने छत्री उघडली आणि नवऱ्याशेजारी फरशीवर बसली.

“एकट्याला भ्या वाटतंय का?” तिने विचारलं. आवाज हळू होता, पण तेव्हा दुसरा कुठलाच आवाज नव्हता.

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही. थोडे सरकले, तिला जागा दिली. मग छत्री धरायला हात पुढे केला. उजव्या हातात शास्त्र होतं, म्हणून डावा.